उसन्या सुट्ट्या

४ मार्च, सोमवार

म्हणजे इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या पाळ्या केल्या, त्या सगळ्या गेल्या पाण्यात! असं तोंडावर सांगितलं त्या काचेतल्या पोरीने, आणि वर हसून. ऑफिसात काचेची एक पेटी केलीय, तिच्यात ती बसते. काचेला खाली एक भोक, त्यातून बोलायचं. म्हणजे आपण वाकायचं, ती वाकणार नाही. मी म्हटलं, "माझ्या सुट्ट्या आहेत, त्या मला पुढच्या महिन्यात एकदम पाहिजेत." ती म्हणाली, "मावशी, तुमच्या नावावर काहीच शिल्लक नाही." मी हिची मावशी कधी झाले?

सरकारी सुट्टी लागली म्हणून आजारी माणूस चादर खराब करायचा थांबत नाही. हॉस्पिटल चालू म्हणजे आमची लॉन्ड्री चालू. म्हणून सुट्टीच्या दिवशी आमच्यातल्या अर्ध्या बायकांची पाळी लागते, अर्ध्या घरी. हा झाला सरकारचा नियम. त्याच्या पोटात आमचा एक नियम होता. शेजारणीकडून वाटीभर साखर आणतात तशी आम्ही सुट्टी उसनी द्यायचो. आज तुझी पाळी आहे ना, तू जा घरी, मी उभी राहते, हजेरी तुझ्या नावावर लागू दे. पुढे मला लागेल तेव्हा माझ्या नावावर तू उभी राहा. मुकादम नावं मोजायचा, तोंडं बघत नव्हता. माझ्याइतक्या सुट्ट्या कुणी दिल्या नसतील. मागितली मात्र मी एकही नाही. म्हटलं, साठू देत. पोरीचं बाळंतपण येईल तेव्हा सगळ्यांकडून एकदम वसूल करीन.

आता बाळंतपण आलं, तर यांनी दाराशी अंगठ्याचं यंत्र लावलं. ज्याचा अंगठा त्याचीच हजेरी. माझ्या जागी उभी राहायला कुणी आपला अंगठा कापून देणार आहे का?

माझी स्वतःची वर्षाची रजा नवऱ्याच्या हर्नियाच्या ऑपरेशनात संपली. काचेतली म्हणाली, "तोंडी काही चालत नाही मावशी, तुमच्याकडे लेखी काय आहे?" बरं. औषधकंपनीवाला ही डायरी देऊन गेला होता, त्यात आता किराणा लिहायचा नाही. चौथीपर्यंत शिकलेय, अक्षर येतं. कोण काय बोललं ते आजपासून लेखी.

६ मार्च, बुधवार

शिडीला विचारलं. शिडी म्हणजे माझी घडीची जोडीदारीण. ती शिडीसारखी उंच, मी उखळासारखी. चादर रोलरमधून गरम बाहेर आली की एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. ताणायची, दुमडायची, चालत एकमेकींच्या जवळ यायचं, तिचं टोक माझ्या हातात, ती खाली वाकून दुसरी बाजू उचलणार. परत मागे, परत पुढे. दिवसभर असंच. नवऱ्यापेक्षा मी तिच्या तोंडासमोर जास्त उभी राहिलेय.

मी म्हटलं, "शिडे, तुझ्याकडे माझ्या सगळ्यात जास्त सुट्ट्या आहेत. सगळ्यात जास्त तूच घेतल्यास."

ती म्हणाली, "घेतल्या ना. नाही कुठे म्हणते?"

"मग कशा फेडणार ते सांग."

ती म्हणाली, "बघू." हे बघू मला माहीत आहे. उधारी बुडवणाऱ्याच्या तोंडात हा शब्द आधी येतो.

मग दोन चादरी झाल्यावर आपणच म्हणाली, "एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच धरायचं ना?"

माझ्या हातातलं टोक सुटलं. तारीख मी इथे कुणालाही सांगितलेली नाही. आमच्यातल्या म्हाताऱ्या अक्काला नाही, मुकादमाला नाही. पुढच्या महिन्यात एवढंच म्हटलं होतं. मग हिला आठवडा कसा कळला? माझा फोन कपाटात असतो, कपाटाची कडी सैल आहे. आज नवऱ्याला सांगून कुलूप आणवलं. तो म्हणाला, "कशाला?" मी म्हटलं, "तुला काय करायचंय? आण."

९ मार्च, शनिवार

पोरीला फोन लावला. जावयाने उचलला. मागच्या वेळेलाही त्यानेच उचलला होता. म्हणे ती झोपलीय. दुपारी चारला? मी म्हटलं, "उठवा." तर म्हणाला, "आई, डॉक्टरांनी आराम सांगितलाय." गोड बोलतो. गोड बोलणारा माणूस मला कधीच पटला नाही. मागून बाईमाणसाचा आवाज आला, ती विहीण असणार. माझा फोन आला की पोरीला झोप लागते, हे बरं जमतं यांना. पोरीला माझ्यापासून तोडायचा डाव आहे.

नवरा खुर्चीत बसून ऐकत होता. ऑपरेशनपासून त्याला दुसरा उद्योग नाही. म्हणाला, "तू तिकडे जाणार म्हणतेस, तिला विचारलंस का?"

"काय विचारायचं?"

"येऊ का म्हणून."

"आईने काय विचारून जायचं असतं? मी काय पाहुणी आहे?"

"बरं, मग मी गप्प," म्हणाला. आणि खरंच गप्प बसला. तो इतका पटकन गप्प बसतो तेव्हा त्याच्या पोटात काहीतरी असतं.

१२ मार्च, मंगळवार

आज काचेसमोरून हललेच नाही. मागे रांग लागली, लागू दे. म्हटलं, "नियम काय आहे तो पूर्ण वाचून दाखव. मधलं गाळू नकोस."

तिने वाचला. पगारी रजा संपली असेल तर बिनपगारी मिळेल. मी म्हटलं, "चालेल, पोटाला चिमटा काढीन." तर पुढचं वाचलं. बिनपगारी रजेच्या मध्ये सरकारी सुट्टी आली, तर त्या सुट्टीचाही पगार नाही. सुट्टीच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी माणूस कामावर पाहिजे, तरच ती सुट्टी त्याची. बघा! सुट्टी सगळ्या देशाला, पण आपण आधी-नंतर हजर नसलो तर आपल्याला नाही. आणि पहिल्या आठवड्यात सुट्टी आहेच. वर बिनपगारी रजा लांबली की नोकरीत खंड पडतो म्हणे, आणि खंड पडला की पेन्शनला कात्री. एकात एक अडकवलेले सापळे आहेत नुसते. मी सरळ म्हटलं, "हा नियम तुझ्या कुठल्या काकाने केला?"

ती चिडली नाही. हीच तिची खोड. चिडत नाही, पाणी पिते. मग म्हणाली, "मावशी, एक करता येईल." आणि खालून कागद काढला. एका कामगाराने आपली शिल्लक रजा दुसऱ्याला द्यायची सोय आहे. जवळच्या माणसाचं आजारपण किंवा बाळंतपण असेल तर. त्याला म्हणतात रजादान.

मी म्हटलं, "काय?"

"दान. म्हणजे त्यांनी द्यायची, तुम्ही स्वीकारायची. इथे सही करायची, 'कृतज्ञतापूर्वक स्वीकारले'."

माझं डोकंच फिरलं. माझं उसनं, माझ्या घामाचं, आणि ते मला दान म्हणून? मी कटोरा घेऊन उभी राहू? म्हटलं, "दान नको, फेड लिही." म्हणाली, "फेड असा रकाना नाही."

रकाना नाही म्हणे! एवढ्या मोठ्या सरकारात उसनं परत करायला रकाना नाही.

ही पोरगी आज इतकी मदत का करत होती, तेही कळलं नाही. कुणीतरी तिला पढवलंय. फुकट कुणी कुणासाठी खालून कागद काढत नाही.

१३ मार्च, बुधवार

रात्रभर विचार केला. नाक दाबून का होईना, दान तर दान. पण मी मागायला जाणार नाही, त्यांनी समजून द्यावं. म्हणून डबा खाताना सगळ्यांसमोर नियम मोठ्याने सांगितला आणि थांबले.

सगळ्यांना डब्यात एकदम काहीतरी सापडलं.

शेवटी अक्काला नाव घेऊन विचारलं. अक्का सगळ्यात म्हातारी, डाग काढायच्या टेबलाला असते. तिच्याकडे भरपूर रजा पडून आहे, कधी घेतच नाही. तिला मी किती वेळा घरी पाठवलंय. माझा भरवसा होता तिच्यावर.

अक्का म्हणाली, "मी जूनमध्ये निवृत्त होतेय. शिल्लक रजेचा पगार एकरकमी मिळतो. त्यावर मला छप्पर दुरुस्त करायचंय गं."

"म्हणजे माझ्या सुट्ट्यांवर तुझं छप्पर?"

"तुझ्या कशा? तू दिल्यास त्या मी मागितल्या होत्या का? तूच म्हणायचीस, जा अक्का, मी थांबते, मला घरात करमत नाही. ढकलून पाठवायचीस. आता व्याजासकट मागतेस!"

मी म्हटलं, "उपकार केले ते चुकलंच."

"उपकार केलेस तर उपकार म्हण. उसनं म्हणायचं होतं तर तेव्हाच म्हणायचंस."

असं असतं. ज्याच्यासाठी चोरी करावी तोच चोर म्हणतो. अक्काशी आता बोलणार नाही. जूनपर्यंतच प्रश्न आहे.

शिडी या सगळ्यात एक अक्षर बोलली नाही. अक्काने "घरात करमत नाही" म्हटलं तेव्हा मात्र तिने माझ्याकडे बघितलं आणि डबा बंद केला. अर्धा तसाच होता. शिडी अन्न टाकणारी नाही.

१६ मार्च, शनिवार

सापडला! चोर सापडला.

काचेतलीने मला आपणहून बोलावलं. म्हणाली, "मावशी, रजा मिळाली तरी एक अडचण आहे. घडीच्या एका जोडीतली एकच बाई रजेवर जाऊ शकते. तुमच्या जोडीतली रजा त्या तारखांना आधीच मंजूर आहे."

"कुणाची?"

तिने नाव घेतलं. शिडी! एक एप्रिलपासून तीन आठवडे. अर्ज केलाय फेब्रुवारीत. फेब्रुवारीत! आणि मी सहा तारखेला विचारलं तेव्हा म्हणते बघू. तारीख हिला कशी कळली याचं आता उत्तर मिळालं. माझ्या फोनमध्ये बघितली, आधी जाऊन रजा अडवली, म्हणजे मला जाता येऊ नये आणि हिला फेडायला लागू नये. एका दगडात दोन पक्षी. आणि समोर उभी राहून रोज माझ्या हातात टोक देते.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. वाटलं होतं तो म्हणेल, काय बाई आहे! तो घास हातात धरून बसला. मग म्हणाला, "शिडीवहिनी तशा नाहीत."

"मग कशा आहेत? तुला काय माहीत त्या कशा आहेत?"

"काही नाही. उगाच भांडू नकोस तिच्याशी."

याला काहीतरी माहीत आहे. कोण कुणाला मिळालंय तेच कळत नाही. मला वाटतं या घरात, त्या लॉन्ड्रीत आणि जावयाच्या घरात मिळून माझ्याशिवाय सगळ्यांचं एक काहीतरी ठरलेलं आहे.

१७ मार्च, रविवार

गेले शिडीच्या घरी. न सांगता गेले. सांगून गेलं की माणूस आवरून ठेवतो.

इतकी वर्षं एकत्र घड्या घालतोय, पण तिच्या घरात मी जास्तीत जास्त दोनदा गेले असेन, तेही दारातून. जिना अरुंद, तिसरा मजला. दार उघडंच होतं. आत पलंगावर तिची सासू बसलेली, चेहरा सुरकुतून आक्रोडासारखा झालेला. डोळ्यांवर हात धरून तिने मला बघितलं. मी सांगितलं मी कोण, लॉन्ड्रीत बरोबर असते म्हणून.

म्हातारी एकदम खुलली. आत हाक मारली, "अगं ए, बघ कोण आलंय! सुट्टीवालीची आई आली!"

मी म्हटलं, "कुणाची आई?"

"आमची सुट्टीवाली गं. सुट्टी लागली की यायची ना ती. इथे माझ्याजवळ बसायची, माझ्या सुईत दोरा घालून द्यायची. पायाला सूज आहे म्हणाली परवा फोनवर. मी सांगितलं तिला, उशी घे पायाखाली." मग माझ्याकडे वाकून म्हणाली, "तू कामावर असायचीस ना नेहमी?"

माझ्या पोरीच्या पायाला सूज आहे हे मला माहीत नव्हतं.

शिडी आतून आली. हातात जुन्या मऊ कापडाचे तुकडे, कडा शिवलेले, बाळाखाली घालायचे. खुर्चीवर उघडी बॅग. मी बॅगेकडे बघितलं, तिने बॅगेकडे बघितलं. आत स्वयंपाकघरात नेलं मला.

"तू चाललीस कुठे?" मी म्हटलं.

"तुला कळलंय कुठे ते."

"माझ्या पोरीकडे? कोणाला विचारून?"

"तिनेच बोलावलं. मी नाही गेले मागे लागायला. जानेवारीत फोन केला तिने. काकू, याल का म्हणाली."

"खोटं. तिच्या सासूने तुझं नाव पुढे केलं असणार, मला टाळायला."

"तिची सासू मला ओळखतसुद्धा नाही."

"मग आई असताना काकू कशाला?"

शिडी गॅसकडे तोंड करून उभी राहिली. म्हणाली, "मी तेच विचारलं तिला. म्हणाली, आईला रजा मिळणार नाही. कधी मिळाली आहे का?"

मी ओरडलेच. म्हटलं, "मी एक सुट्टी घेतली नाही ती कुणासाठी? तिच्यासाठीच साठवत होते ना! सगळ्या एकदम तिलाच देणार होते!"

"हे तू तिला कधी सांगितलंस?"

हे काय सांगायचं असतं? पैसे साठवतो तेव्हा आपण पोराला रोज डबा उघडून दाखवतो का?

शिडी म्हणाली, "तुझ्या सुट्ट्या मी फेडल्या नाहीत असं तुला वाटतं ना? ज्या ज्या दिवशी तू माझ्या जागी उभी राहिलीस, त्या त्या दिवशी तुझी पोर माझ्या घरी जेवली. आपणच यायची. पहिल्यांदा आली तेव्हा दारात उभी राहून म्हणाली, काकू, आज तुम्हाला सुट्टी आहे ना, मग मी येऊ? तिला न्हाऊ घातलं, उवा काढल्या, पहिल्यांदा कपडे खराब झाले तेव्हा रडत इथेच आली. मी काय तुला बिल पाठवलं?"

चहा उकळत होता. मी न घेता निघाले. म्हातारी म्हणत होती, "अगं बस की, सुट्टीवालीची आई." जिना उतरताना एक पायरी चुकली, घोटा मुरगळला.

उवा म्हणे. उवा मी काढायचे. काढल्याचं मला आठवतंय. एकदा तरी नक्की.

१८ मार्च, सोमवार

घोटा सुजलाय, तरी गेले. बिनपगारी कोण होणार?

सकाळपासून शिडीशी बोलले नाही. पण घडीला बोलायला लागत नाहीच. ती पुढे, मी पुढे, टोक हातात, परत मागे. चादर ताणताना मी जोर लावला, ती हलली नाही. परत लावला. जुनी चादर होती, मधोमध फाटली. मुकादम म्हणाला, "तोफ, कुणाचा राग चादरीवर काढतेस? सरकारची आहे." मला तोफ म्हणतात हे सगळे, माहीत आहे मला.

फाटकी बाजूला टाकली. पुढची घेतली. अर्धा दिवस असा गेल्यावर शिडीच बोलली, चालत जवळ येताना, तोंडासमोर.

"माझी रजा तुला देते. तीन आठवडे, सगळी."

मी म्हटलं, "का?"

"दान म्हण, फेड म्हण, काय म्हणायचं ते म्हण. माझा अर्ज मागे घेते, तुझ्या कागदावर सही करते. पण आधी तिला विचार. तिने 'आई, तू ये' म्हटलं की त्याच दिवशी सही. तिच्या शब्दाशिवाय नाही. मी तिला येते म्हणून सांगितलंय. मला तिला फसवायचं नाही."

मागे गेली. चादर ताणली. परत पुढे आली.

"आणि तू विचार. भावजींना विचारायला लावू नकोस."

यात काय डाव आहे ते शोधतेय मी. सरळ दिलं तर हिचं काय जातं? म्हणजे हिला माहीत आहे पोरगी काय म्हणणार ते. माझ्याच तोंडाने मला विचारायला लावायचं आणि पोरीच्या तोंडाने नाही ऐकवायचं, म्हणजे ही मोकळी आणि वर मोठ्या मनाची. हुशार आहे.

पण मग तिने रजा का देऊ केली, हे काही त्यात बसत नाही. सगळी चादर दुमडली तरी एक कोपरा बाहेर राहतोय.

काचेतलीला विचारलं. रजादानाचा कागद शुक्रवारपर्यंत आत यायला पाहिजे, मग महिनाअखेरची कामं लागतात, ती घेत नाही. घोट्याकडे बघून तिने भोकातून मलम पुढे केलं. मी घेतलं. लावलं नाही अजून.

१९ मार्च, मंगळवार

फोन लावला. आज पोरीनेच उचलला. इतके दिवस जावई, आणि आज नेमकी ती. माझी तयारीच नव्हती.

"काय गं आई?"

मी म्हटलं, "जेवलीस का?"

"जेवले. तू?"

"पायाला सूज आहे ना तुझ्या?"

"तुला कोणी सांगितलं?"

"कळतं मला." मग म्हटलं, "उशी घे पायाखाली."

"घेते."

मागे कुठेतरी पंखा फिरत होता, तिच्याकडे की माझ्याकडे, कळेना. मी म्हटलं, "तिकडे नळाला पाणी बरं येतं का?" म्हणाली येतं. "औषधं घेतेस का?" म्हणाली घेते. "अंगावर काढू नकोस काही." म्हणाली नाही काढत. आता विचारते, आता विचारते म्हणत होते. काचेसमोर दिवसभर भांडायला मला काही वाटत नाही, मुकादमाला तोंडावर बोलते मी, आणि इथे 'येऊ का' एवढे दोन शब्द निघेनात. शेवटी "बिल वाढेल, ठेव" म्हटलं. फोन तर मीच लावला होता, बिल माझंच होतं.

फोन ठेवल्यावर नवऱ्यावर घसरले. "तुला माहीत होतं ना शिडीचं?"

"होतं."

"कधीपासून?"

"पोरीने मलाही सांगितलं होतं जानेवारीत."

"आणि तू तोंड शिवून बसलास!"

तो म्हणाला, "तिनेच सांगू नका म्हणून सांगितलं होतं. म्हणाली, आईला कळलं की ती ऐकणार नाही, सांगत सुटेल. कधी यायचं, काय करायचं, कुणाचं ऐकायचं. मी म्हटलं, तूच सांग तिला. म्हणाली, भीती वाटते."

"माझी भीती?"

"मलाही वाटते," म्हणाला. आणि हसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा याला विनोद सुचला, तोही आज.

मी विहिणीला फार बोलले इथे मागच्या पानांवर. खोडत नाही. तिच्यावर माझी अजून नजर आहे.

२० मार्च, बुधवार

शिडी आज काही विचारत नव्हती. घड्या घालत होती. अक्का डबा उघडून माझ्या बाजूला येऊन बसली, मी उठले नाही, एवढंच. ती म्हणाली, "रजेचं काय झालं?" मी म्हटलं, "तुझं छप्पर गळतंय का ते बघ." म्हणाली, "गळतंय. म्हणून तर." मग तिने तिच्या डब्यातलं मला दिलं आणि मी खाल्लं. याचा अर्थ काही नाही.

फोनवर मला जमणार नाही. मेसेज पाठवायचा आहे. नवरा टाइप करणार आहे, पण त्याचा एक शब्द घालायचा नाही, मी सांगीन तसंच. आधी इथे लिहून बघते.

पोरी,

शिडीने सांगितलं सगळं. तिच्यावर रागावू नकोस. ती आपणहून बोलली नाही, मी तिच्या घरी घुसले.

आमच्या जोडीतली एकच बाई येऊ शकते. हा नियम माझा नाही, सरकारचा आहे. शिडीच्या नावावर रजा आहे आणि ती मला द्यायला तयार आहे, पण तू हो म्हटलंस तरच. माझ्या नावावर काही नाही. होत्या त्या सगळ्या लोकांकडे आहेत. मी त्या उडवल्या नाहीत, तुझ्यासाठीच ठेवल्या होत्या. तुला सांगायला पाहिजे होतं असं शिडी म्हणते. असेल.

शिडी आली तर चांगलंच करील. तिचा हात हलका आहे. तिच्या म्हाताऱ्या सासूलाही चालेल ना, ते विचारून घे, एकटी राहील ती.

मी आले तर बाळाचं सगळं धुणं माझं. त्यात मला कुणी शिकवू नये. बाकी तू सांगशील ते. तुझ्या सासूशी भांडणार नाही, पहिला आठवडा तरी. गप्प बस म्हणालीस तर बसेन. मला जमत नाही, पण बसेन.

तू काकूला ये म्हणालीस तर मी रागावणार नाही असं लिहिणार होते. ते खोटं आहे. रागावेन. पण माझा राग किती टिकतो ते तुला माहीत आहे, आणि तुझ्या बाळंतपणात तो तुझ्या अंगणात आणणार नाही, माझा मी इकडे बघून घेईन. तेव्हा मला बरं वाटावं म्हणून हो म्हणू नकोस. आणि मला रजा मिळणार नाही असं धरून नाही म्हणू नकोस. मिळतेय. पहिल्यांदा मिळतेय.

शुक्रवारी कागद आत द्यायचा आहे. गुरुवारी रात्री उशिरा शिडीला सहीसाठी उठवायला नको, ती लवकर झोपते. जावयाच्या हातून निरोप नको, वडिलांच्या कानात नको, तुझ्या तोंडून मला पाहिजे.

आई येऊ की काकू? उद्या, गुरुवारी, संध्याकाळी सहापर्यंत सांग. मी फोन हातात घेऊन बसते.